मुकी गाडी

चिंधा मिस्तरीला गाडीतला बिघाड जितक्या लवकर सापडायचा, त्याच्या दुप्पट वेगाने तो त्याच्या तोंडातून बाहेर पडायचा. जळगावात मेहरूण तलावाच्या अंगाला त्याचं पत्र्याचं गॅरेज. गिअरबॉक्स, शाफ्ट आणि मागचं हौसिंग, एवढंच काम तो करायचा. इंजिनाला हात लावायचा नाही, आणि लावणाऱ्यांना नावं ठेवायचा. गाडी आली की पाना नंतर, आधी फेरी. मालकाने गाडी चालवायची आणि ह्याने चपला काढून, दोन्ही तळपाय गाडीच्या तळाला टेकवून, डोळे मिटून बसायचं. तलावाला एक चक्कर पुरी व्हायच्या आत निकाल तयार असे, आणि तो असा सांगितला जाई की मालकाला वाटावं, गाडीपेक्षा आपणच भंगारात जावं. "ही तुमच्या गळ्यात कुणी बांधली?" हा त्यातला सौम्य प्रकार. लोक शिव्या देत जात आणि पुन्हा येत, कारण निदान बहुतेक वेळा खरं निघे. बहुतेक वेळा म्हणजे नेहमी नाही. पण चुकलेली निदानं मिस्तरीला आठवत नसत.

ह्या तोंडाने परक्यांचं फारसं काही बिघडलं नाही. बिघडलं ते पोटच्या लेकीचं.

सुनिता साक्रीला दिलेली. जावई कुंदन साक्री ते नवापूर प्रवासी गाडी चालवायचा. तीन वर्षांपूर्वी मिस्तरी लेकीला भेटायला गेला तो नेमका बाजाराच्या दिवशी. स्टँडवर कुंदनची गाडी माणसांनी गच्च भरून उभी होती. ती हलली, जराशी घसरल्यासारखी ओरडली, आणि मिस्तरीला राहवलं नाही. भर रस्त्यात तो म्हणाला, "पाव्हना, हाई गाडी नही, तिरडी शे. चार खांदास्ना ऐवजी चार चाकं लायेल शेतस, इतलंच."

बाजार हसला. दोन बाया पोरं काखोटीला मारून उतरल्या, त्यांच्यामागे बाकीचेही उतरले. खरं तर गाडीची क्लच प्लेट घासली होती, अर्ध्या दिवसाचं काम. पण त्या दिवसापासून कुंदनला 'तिरडीवाला' हे नाव चिकटलं. साक्रीत एकदा नाव चिकटलं की ते माणसाबरोबरच जातं. शेवटी त्याने ती गाडी विकून टाकली आणि दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून बसला.

कुंदन भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, भांडण मिटवता येतं. त्याने फक्त सासरवाडीचं नाव घ्यायचं सोडलं. आखाजीला खान्देशातली प्रत्येक सासुरवाशीण माहेरी येते, झोके बांधते, गाणी म्हणते. मेहरूणच्या त्या गल्लीत तीन आखाज्या सुनिताशिवाय गेल्या. तिला मुलगी झाली, तिचं नाव दिपमाला ठेवलं, हे सगळं मिस्तरीने मोबाइलच्या फोटोत पाहिलं. बायको सुंदरबाई त्याला उघडपणे काही बोलली नाही. फक्त सणाच्या दिवशी त्याचं ताट वाढताना तिचा हात जरा जोरात आपटायचा.

यंदा धोंड्याचा महिना आला आणि सुंदरबाईने संधी साधली. धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात देव. त्याला बोलवायचं, पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे. आमंत्रण दिलं तर देवाला नाही म्हणता येत नाही. तिने थेट साक्रीला विहीणबाईंना फोन लावला, दोन्हीकडच्या बायकांनी दोन्हीकडच्या पुरुषांना बाजूला ठेवून बोलणं उरकलं, आणि दिवस ठरला. त्या दिवशी पहाटे खापर तापवायच्या आधी तिने नवऱ्याला चुलीपुढे बसवलं.

"ओ सुनिताना बाप," ती म्हणाली, "आज गाडी तं सोडाच, गाडीना चाकबद्दल बी बोलाना नही. मन्ही शप्पथ शे. परत हाई पोरगी तुटनी, तं माले बी तुम्ही तुटेल समजा."

मिस्तरीने मान हलवली. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिने शप्पथ घातल्याचं त्याला आठवत नव्हतं, आणि म्हणून तो मनातून घाबरला.

अकराच्या सुमाराला गल्लीत गाडी शिरली. जुनी, उंच, सात माणसांची डिझेल गाडी, नाकावर झेंडूचा हार आणि ताजं लिंबू-मिरची. कुंदनने ती त्याच सकाळी असोद्याच्या रतिलाल नावाच्या केळीच्या व्यापाऱ्याकडून ताब्यात घेतली होती आणि साक्रीहून एसटीने आलेल्या बायको-मुलीला जळगाव स्टँडवरून घेऊन तो सरळ इकडे आला होता. असोदा ते मेहरूण अंतर ते किती. सांगितलं असतं तर मिस्तरी सायकलवर जाऊन गाडी तपासून आला असता. ज्या माणसाचं घर गिअरबॉक्सवर चालतं, त्याच्या जावयाने त्याच्याच दारापासून दोन हाकांवर जुनी गाडी घेतली आणि सासऱ्याला विचारलं नाही. कुंदनच्या जागी दुसरा कुणी असता तरी त्याने हेच केलं असतं.

दारात उभा मिस्तरी नातीकडे पाहत होता, पण कान गाडीकडे होते. आणि गाडी बोलत नव्हती. इंजिनाची घरघर होती तेवढीच. मागून काही नाही. एवढी जुनी गाडी मागच्या अंगाने थोडी तरी कुरकुरते. दातांची झीज होते, बेअरिंग सैल पडतं, म्हाताऱ्या माणसाचे गुडघे वाजतात तसं काहीतरी वाजतंच. ही गाडी मुकी होती. गुणगुणणाऱ्या गाडीला मिस्तरी कधी भ्याला नव्हता, मुकीला भ्याला. त्याने तोंड उघडलं आणि समोर सुंदरबाई ओवाळणीचं ताट घेऊन उभी दिसली. त्याने तोंड मिटलं.

जेवण चांगलं झालं. खापरावरचे मांडे, आमरस, धोंडे, वर तुपाची धार. मिस्तरीने पितळी परातीत जावयाचे पाय धुतले. वर पाहिलं तर कुंदनचा चेहरा अवघडलेला. तोही बिचारा पोरगाच. सासऱ्याने पाय धुतले की कुणाला बरं वाटतं. वातावरण हलकं करायला म्हणून तो म्हणाला, "तीन लाखना वर चालेल शे गाडी, पन आवाज नावले नही."

 सुनिताचा घास हातात राहिला. मिस्तरी रसाच्या वाटीत बोट बुडवून म्हणाला, "रस गोड शे."

सुनिता हसली. ते हसू पाहून मिस्तरीला इतकं बरं वाटलं की गाडीचा विचार त्याने खरोखर डोक्यातून काढून टाकायचा प्रयत्न केला. दिपमाला एव्हाना त्याच्या मांडीवर येऊन त्याच्या बंडीची बटणं ओढत होती. तिला आजोबा नवा होता आणि बटणं आवडली होती.

धुळ्यावरून साक्रीला निघायची वेळ झाली तेव्हा कुंदनने विचारलं, "मामा, चाला ना धुयापावत. संध्याकायनी एसटीनी परत या. तेवढीच नातनी संगत." उद्या सकाळी त्याची नव्या गाडीतली पहिली फेरी होती: साक्रीची एक मंडळी, बायापोरांसकट, कोंडाईबारीचा घाट उतरून नवापूरला लग्नाला न्यायची. तो हे अभिमानाने सांगत होता. सुंदरबाईने स्वतः मिस्तरीच्या चपला आणून समोर ठेवल्या आणि त्याच्याकडे एकदा डोळे रोखून पाहिलं.

त्याला मानाने पुढे बसवलं. दिपमाला त्याच्या मांडीवर, सुनिता मागे. गल्ली संपायच्या आत त्याने पायाने पायातल्या चपला काढल्या. ही सवय होती, बोलणं नव्हतं. शप्पथ पायांना घातली नव्हती.

मे महिन्याची दुपार. बाहेर रस्ता वितळत होता आणि खिडकीतून येणारा वारा भट्टीतून आल्यासारखा होता. पाळधीच्या चढावर कुंदनने टॉप गिअरमध्येच गाडी रेटली. इंजिनाचा जोर वाढला तसा वेगही वाढला, घसरण नाही. म्हणजे क्लच ठीक. मिस्तरीने मनातल्या मनात एक खूण केली. गाडी थांबून सुटताना खालून 'टक्क' होत नव्हतं, म्हणजे शाफ्टच्या सांध्यांतले क्रॉसही ठीक. त्याला जरा हायसं वाटलं. कदाचित रतिलालने खरंच सगळं काम करून घेतलं असेल. जगात एखादा व्यापारी असाही असेल, आपण का वाईट बघावं.

पण तळपाय काही वेगळंच सांगत होते. मागून एक बारीक, जड ओढ येत होती. तो आवाज नव्हता, हादराही नव्हता. पहिल्यांदा त्याला वाटलं गिअरबॉक्स. एरंडोलच्या पुढे लांब उतार लागला तेव्हा तो सहज म्हणाल्यासारखं म्हणाला, "आमना टाइमले अशा उतारवर न्यूट्रल करेत. डिझेल वाचे."

कुंदनने त्याच्याकडे एक नजर टाकली आणि गिअर काढला. आता इंजिन आणि गिअरबॉक्सचा मागच्या चाकांशी संबंध उरला नव्हता. गाडीने उतारावर आपोआप धावायला हवं होतं. ती धावली नाही. थोडी गेली आणि मंदावली, मागून कुणी तरी ओच्याला धरून ठेवल्यासारखी. उतार संपायच्या आत कुंदनला परत गिअर टाकावा लागला. म्हणजे गिअरबॉक्स नाही. त्याच्याही मागे. 

मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडाचा एक फुगलेला डबा असतो, त्याला गॅरेजात हौसिंग म्हणतात. इंजिनाची ताकद शाफ्टातून तिथे येते आणि तिथून दोन्ही चाकांना वाटली जाते. आतले दात झिजले की तो डबा आक्रोश करतो. आक्रोश करत नसेल आणि तरी ओढत असेल तर त्याचं तोंड कुणीतरी दाबलेलं असतं.

"मामा, काही बोलनात?" कुंदनने विचारलं.

"नही. पोर झोपनी शे."

पारोळ्याला मिस्तरीने उसाचा रस प्यायचा हट्ट धरला. मघाशी दोन वाट्या आमरस प्यायलेल्या माणसाला उसाची तहान लागलेली पाहून सुनिता चकित झाली, पण सगळे उतरले. कुंदन गुऱ्हाळाकडे वळताच मिस्तरीने रुमाल गाडीखाली टाकला आणि तो काढायला वाकला, मग गुडघ्यावर आला, मग आडवाच झाला. त्याने बोटाला थुंकी लावून हौसिंगला टेकवली. थुंकी चर्रकन वाळली आणि बोट पोळलं. वरच्या बाजूला हवा सुटायला एक लहान नळी असते, तिच्या तोंडाशी काळपट काहीतरी उतू येऊन सुकलं होतं. ते त्याने नखाने खरवडलं आणि नाकाशी नेलं.

गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो. ह्याला गोड वास होता. जळगावात जन्मलेल्या माणसाला हा वास अंधारातही ओळखता येतो. केळं शिजत शिजत करपलं की असा वास येतो.

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. ते खोटं आहे. विकायचंच असलं तर वाटेल तिथे वाटेल ते विकता येतं. जुन्या गाडीच्या हौसिंगमध्ये साल काढलेली कच्ची केळी कोंबली की त्याचा घट्ट लगदा दातांच्या फटीत बसतो आणि गाडी पन्नास-शंभर किलोमीटर रेशमासारखी गप्प चालते. दुसरीकडे ह्याच कामाला लाकडाचा भुसा वापरतात. इकडे केळी स्वस्त. मिस्तरीने ही करामत तरुणपणी ऐकली होती, दोनदा उघडूनही पाहिली होती. लगदा तापतो, तेलाला खातो, पातळ होतो. मग पुढचं बेअरिंग कोरडं पडतं, भाजतं, आणि एका क्षणी जागच्या जागी घट्ट होऊन बसतं. त्या क्षणी मागची दोन्ही चाकं एकदम थांबतात. गाडी मात्र थांबत नाही.

आणि उद्या कोंडाईबारी. बायापोरं. उतार.

"आबा, गाडीखाल काय देखी राहिनात?" सुनिता जवळ उभी होती, कडेवर झोपाळलेली दिपमाला.

"रुमाल पडना," तो म्हणाला आणि पोळलेलं बोट मुठीत लपवलं.

तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. लहानपणापासून ती हा चेहरा वाचत आली होती. पण तिने विचारलं नाही; तीन वर्षांनी बाप हसून बोलत होता, आणि ते मोडायची तिची छाती झाली नाही.

इथे मिस्तरीने हिशेब मांडला. पारोळ्यापासून धुळ्यापर्यंत रस्ता सपाट आणि सरळ. बोट पोळलं खरं, पण हौसिंग लाल व्हायला अजून अवकाश होता. धुळ्यापर्यंत टिकेल. धुळ्यात शिरतानाच पुना नावाच्या त्याच्या जुन्या सोबत्याचं गॅरेज होतं. तिथे चहाच्या निमित्ताने थांबायचं, कुंदनला एकट्याला बाजूला घ्यायचं, बाजार नाही, बायको नाही, कुणी हसणारं नाही, आणि हळू आवाजात सांगायचं. म्हणजे शप्पथही थोडी वाकेल पण मोडणार नाही, लेकही राहील आणि घाटही टळेल. हिशेब वाईट नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच हा माणूस कुणाचं मन राखायचा विचार करत होता, आणि त्यातच सगळी चूक होती.

गाडी सुटली. मिस्तरी मनात वाक्यं जुळवू लागला. 'पाव्हना, गाडी मोठी झोकदार शे, पन...' ह्या 'पन'पर्यंत सगळं बरं जाई. पुढचं जमेना. 'पन हौसिंगमा केयं शेतस' हे हळू आवाजात सांगितलं तरी कानाखाली वाजवल्यासारखंच लागणार होतं. त्याने दुसरं वाक्य घेतलं, तेही तिथेच अडलं. मांडीवर दिपमाला पुरती झोपली होती, तिच्या डोक्याचा घाम त्याच्या बंडीत झिरपत होता.

आणि कुंदन आता खुशीत आला होता. एरंडोलपर्यंत तो आवळून बसल्यासारखा चालवत होता, पारोळ्यानंतर त्याचे खांदे सैल झाले. तो साक्रीच्या गमती सांगू लागला, सुनिताला आरशातून चिडवू लागला. काट्याने सत्तर ओलांडले, मग ऐंशी.

"जरा धीरा," मिस्तरी म्हणाला. "पोर जागी व्हई."

वेग उतरला आणि थोड्या वेळात पुन्हा चढला. तळपायांखाली ओढ आता नव्हती. अचानक सगळं मोकळं, हलकं झालं होतं, आणि मागून पहिल्यांदाच एक बारीक किणकिण यायला लागली होती. लगदा संपला होता. मुकी गाडी बोलायला लागली होती.  धुळ्यापर्यंत टिकेल हा हिशेब चुकला, हे त्याला कळलं. आता शप्पथ गेली चुलीत, असं त्याला स्पष्ट वाटलं. त्याने कुंदनच्या हातावर हात ठेवला.

"पाव्हना, गाडी थांबाडा."

"काय व्हयनं?"

उत्तराला वेळ मिळाला नाही. मागे लोखंड तुटल्यासारखा एकच आवाज झाला आणि गाडीचा मागचा भाग डावीकडे निघाला. टायर किंचाळले. मिस्तरीने दोन्ही हातांनी नातीचं डोकं छातीशी दाबलं आणि स्वतः वाकून तिच्यावर पडला. त्याला समोर आधी रस्ता दिसला, मग कापसाचं रिकामं शेत, मग परत रस्ता, आणि त्या रस्त्यावरून मागून येत असलेला ट्रक. कुंदनने स्टिअरिंग कसं फिरवलं हे त्यालाही नंतर सांगता आलं नाही. ट्रक कर्कश हॉर्न देत एवढ्या जवळून गेला की बाजूचा आरसा घेऊन गेला. गाडी आडवी होऊन रस्त्याच्या कडेला, बाभळीच्या अलीकडे थांबली.

धूळ हळूहळू खाली बसली. मग दिपमाला रडायला लागली. तिचा खालचा ओठ बंडीच्या बटणावर फुटला होता, थोडं रक्त आलं होतं. बाकी काही नाही. सगळे जिवंत होते. मिस्तरी तिला कडेवर घेऊन उतरला. तापलेल्या मातीत तो अनवाणीच उभा होता. गाडीखालून निळसर धूर निघत होता आणि त्या मोकळ्या माळावर गोड, करपलेला वास पसरला होता.

कुंदनने स्टिअरिंगवरचे हात सोडवले. मग तो उतरला, सासऱ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याचा आवाज चढला नव्हता.

"तुम्ही काहीच बोलनात नही, मामा."

मिस्तरी नातीच्या ओठावरचं रक्त बंडीच्या टोकाने टिपत होता.

"सकायमा असोदाथीन निंघनू तव्हयपाईन हाऊ वास यी राहिंता. गाडी जड चाली राहिंती. रतिलालले इचारं, तो म्हने नवं तेल शे. मन्हा जीव मानेना. म्हणीसन तुम्हले संगे लिधं. तुम्हले इचाराले तोंड नव्हतं मन्हं, पन म्या मनमा म्हनं, काही व्हई ते चिंधा मिस्तरी उगा, मुका बसाव नही. तुम्ही पारोयाले गाडीखाल गयात, ते बी म्या देखं. वर उनात, उगाच बसनात. मंग माले वाटनं, गाडी बरी शे. माले भास व्हयना." तो थांबला. "तुम्ही उगा बसनात म्हणीसन मी ऐंशीवर लिधी."

मिस्तरीने ऐकलं. आयुष्यभर त्याच्या बोलण्याने लोक दुखावले, त्याची त्याने फारशी पर्वा केली नाही. पण आपल्या गप्प बसण्यावर कुणी एवढा विश्वास टाकेल, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. ज्या जावयाने तीन वर्षं त्याचं तोंड पाहिलं नाही, तोच त्याच्या शब्दाला सगळ्यात जास्त मानत होता.

"आबा," सुनिता म्हणाली. ती हळूहळू जवळ आली. "तुम्हले माहीत व्हतं?"

खोटं बोलता आलं असतं. "पारोयापाईन," तो म्हणाला.

सुनिताने त्याच्या कडेवरची दिपमाला काढून घेतली. हिसकावली नाही, पण त्या काढून घेण्यात असं काही होतं की मिस्तरीचे हात तसेच हवेत राहिले.

"तीन वरीस तुम्हना बोलानामुये मी माहेरले उनू नही," ती म्हणाली. "रडनू, पन मनले सांगं, मन्हा बाप खरं तं बोलस. आज तुम्ही खरं बी बोलनात नही. आनी मन्ही पोरगी तुम्हना मांडीवर व्हती." मग ती कुंदनकडे वळली. "तुम्हले सकायपाईन वास यी राहिंता. तुम्ही बी उगाच बसनात. दोन्ही जन एकमेकनं तोंड देखी राहिनात आनी मी मांगे बशीसन हसी राहिंती, का आज मन्हं माहेर परत भेटनं म्हणीसन."

 चूक दोघांची होती आणि त्यातल्या त्यात जास्त कुणाची हे ठरवायला ती थांबली नाही. पारोळ्याकडून धुळ्याची एसटी येत होती. तिने रस्त्याच्या कडेला उभं राहून हात केला. कुंदन पुढे झाला तेव्हा तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"तुम्ही दोन्ही जन बोली ल्या," ती पायरीवर चढताना म्हणाली. "बोलनं सरनं का मंग घर या."

बस गेली. कुंदन आणि मिस्तरी गाडीच्या सावलीत, उकिडवे बसले. पुढे काय करायचं असतं हे दोघांनाही माहीत नव्हतं. शेवटी कुंदनने गाडीतून पाना आणून सासऱ्याच्या हातात दिला.

"आते सांगा, मामा. बठ्ठं सांगा."

मिस्तरी गाडीखाली शिरला. कुंदनही त्याच्या बाजूला आडवा झाला. हौसिंगचं बूच सैल करताच काळं, पाण्यासारखं तेल आणि त्यात जळक्या केळीचे धागे गळायला लागले. मिस्तरी सांगू लागला. केळी कशी घालतात, कशी वितळतात, बेअरिंग कसं भाजतं. मग तो थांबला आणि जे सांगायचं सगळ्यात जिवावर आलं होतं तेही सांगितलं: उद्या घाटात हेच झालं असतं तर त्या लग्नातल्या बायापोरांसकट कुणी उरलं नसतं, आणि तो धुळ्यापर्यंत थांबणार होता, कारण जावयाचं मन राखायचं होतं.  कुंदनने आडव्यानेच खिशातून मोबाइल काढला, साक्रीला त्या मंडळींना फोन लावला आणि सांगितलं की गाडी निघणार नाही, दुसरी बघा. पलीकडून कुणी काही विचारलं असावं. "मन्हा सासरा मिस्तरी शेतस," तो म्हणाला, "त्यास्नी देखी."

फोन ठेवतो न ठेवतो तोच मिस्तरीच्या बंडीत त्याचा मोबाइल वाजला. सुंदरबाई होती.

"पोचनात का?" तिने विचारलं. मागे भांड्यांचा आवाज येत होता, ती पंगतीची आवराआवर करत असावी. "आनी ते राहू द्या. आधी हाई सांगा, गाडीबद्दल काही बोलनात तं नही ना?"

मिस्तरीने तोंड उघडलं. रस्त्यावर काळ्या टायरांचे दोन पट्टे वेडेवाकडे होत बाभळीपर्यंत आले होते.

"नही," तो म्हणाला. "पारोयापाईन अठलोंग एक शब्द बी बोलनू नही."

"बरं करं," सुंदरबाई म्हणाली, आणि तिचा आवाज आनंदाने भरून आला. "देवनी लाज राखी. मन्ही पोरगीनं माहेर राही गयं."

मिस्तरीने फोन कानाला तसाच धरून ठेवला. कुंदनने त्याच्या हातातला पाना अलगद काढून घेतला, आणि सासरा रडायचा थांबेपर्यंत दुसरीकडे पाहत तो हौसिंगचे बोल्ट ढिले करत राहिला.